वापरलेला गणवेश: काय घ्यावं, काय सोडावं

जुन्या गणवेशात पैसे वाचतात, पण प्रत्येक कपड्यात नाही. पहिला नंबर ब्लेझरचा. तो रोज वापरात नसतो, त्यामुळे झिजण्याआधीच आखूड होतो आणि जवळजवळ नवा असतानाच विकायला येतो. फक्त पुढची दुमडलेली कॉलर बोटांत धरून चोळून बघा. कापडाला आतून ताठ ठेवणारं बकरम सुटलेलं असेल तर कापडावर बारीक फुगे दिसतात. असा ब्लेझर सोडा. घरच्या इस्त्रीने ते फुगे कायमचे बसत नाहीत. बगलेत अस्तर उसवलं असेल तर मात्र काही बिघडत नाही, चार टाके घातले की झालं.

पँट आणि स्कर्ट घेताना आधी उलटे करा. खालची दुमड निदान ४ सेंमी हवी, म्हणजे पुढच्या वर्षी उंची वाढवता येते. दुमडीच्या आतला रंग बाहेरच्या रंगाशी ताडून बघा. बाहेरचं कापड विटलं असेल तर दुमड सोडल्यावर गडद पट्टा उमटतो आणि तो काही केल्या जात नाही. बैठकीची आणि गुडघ्याची जागा उजेडासमोर धरा: कापड विरलं असेल तर लगेच कळतं. टेरिकॉटवर चकाकी आली असेल तर ती तशीच राहणार. चेन, हुक, नेफ्यातलं इलॅस्टिक यांवरून मात्र नकार देऊ नका, ते बदलून मिळतं.

स्वेटरचे कोपरे तपासा. लोकरीचे गोळे काढता येतात, विरलेला कोपर मात्र भरून येत नाही.

पांढरा शर्ट? आमचं मत, नवाच घ्या. कॉलरची कड आणि बगल आधी जाते, आणि घामाच्या पिवळ्या डागांवर क्लोरीनचं ब्लीच ओतलं तर ते आणखी पिवळे पडू शकतात. घेतलाच तर ऑक्सिजन ब्लीचच्या (क्लोरीन नसलेल्या ब्लीचच्या) कोमट पाण्यात काही तास भिजवा. बूट तर नकोच: आतला तळवा आधीच्या मुलाच्या पायाच्या आकाराने दबलेला असतो.

लेबलवरच्या नंबरवर जाऊ नका, धुऊन कपडा आटलेला असू शकतो. मुलाला नीट बसणारा शर्ट सपाट पसरून बगलेपासून बगलेपर्यंत मोजा, दुप्पट करा आणि ते माप घेऊन जा. बिल्ला किंवा रंग यंदा बदललाय का, हे पैसे देण्याआधी शाळेत विचारा. बरेचदा भलामोठा गठ्ठा स्वस्तात निघतो तो याच कारणाने.