लातूरहून दोघांनीच जायचं तर: नळदुर्ग, अंबाजोगाई, तेर की खरोसा?

आपल्याकडे नवरा-बायकोनं "फिरून येतो" म्हटलं की घरातून पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग तुळजापूरला जाऊनच याल ना?" विचारण्यात प्रेमच असतं. पण तेवढ्यानं सहलीचं रूप बदलतं. ओटी येते, शेजारच्या काकूंनी दिलेला नारळ येतो आणि अर्धी दुपार रांगेत जाते. देवदर्शन जरूर करावं, पण त्यासाठी वेगळा दिवस काढावा आणि घरातल्या सगळ्यांना सोबत न्यावं. मी हे लिहितेय ते ज्यांना महिन्यातला एखादा रविवार, फार तर शनिवार संध्याकाळपासूनचे तास मिळतात आणि ते एकमेकांसोबतच घालवायचे आहेत, अशा जोडप्यांसाठी.

ठिकाण ठरवताना मी आधी एक हिशोब मांडते. गाडीवर किती तास जाणार आणि उतरल्यावर निवांत चालायला, बसायला, बोलायला किती तास उरणार? एका दिवसात तीन ठिकाणं उरकली की फोटो भरपूर मिळतात, बोलणं मात्र राहून जातं. म्हणून खालच्या चारांपैकी एका दिवसाला एकच निवडा. सोबत जोडण्यासारखं काही असेल तर ते त्या त्या ठिकाणी सांगितलंय.

नळदुर्ग: पाणी असेल तर सगळ्यात आधी

ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला कोसळणारं पाणी बघायची किती ओढ असते हे लातूरकराला सांगायला नको. ती ओढ नळदुर्गला जशी भागते तशी आपल्या भागात दुसरीकडे कुठेच भागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर दगडी बांध घालून नळदुर्ग आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला एकमेकांना जोडले गेले. त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. नदी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी खाली झेपावतं. तुम्ही आत महालाच्या खिडकीशी उभे असता आणि समोरून पाण्याचा पडदा पडत असतो. आवाज इतका की एकमेकांच्या कानाशी जाऊन बोलावं लागतं. चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी बांध बांधता बांधता माणसांना उभं राहून बघायलाही जागा ठेवली, याचं मला दर वेळी तितकंच नवल वाटतं.

पण हे दृश्य मिळेलच असं नाही. वरच्या अंगाला बोरी नदीवर कुरनूरचं धरण आहे. ते भरून सांडायला लागलं तरच नर-मादी वाहतात. आपल्याकडचा जोरदार पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरमध्ये येतो, म्हणजे हा योग पावसाळ्याच्या शेवटी जुळतो. काही वर्षी तो येतच नाही. पाणी सुरू झाल्याची बातमी आली की सोलापूरकडून, उमरग्याकडून माणसं लोटतात, कारण किल्ला सोलापूर–हैदराबाद महामार्गाला लागूनच आहे. त्यामुळे अशा दिवसांत रविवार टाळा. दोघांपैकी एकाला रजा मिळत असेल तर ती इथं खर्च करा. दगड शेवाळलेले असतात, कठड्यांचा भरवसा नसतो आणि पाणी फार असलं तर महालात सोडतही नाहीत. चांगल्या पकडीची चप्पल घाला. सेल्फीसाठी कडेला जाऊ नका.

दुसरी अडचण कॅलेंडरची. पाण्याचे दिवस आणि तुळजापूरचं नवरात्र एकावर एक येतात. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत तुळजापूरकडचे रस्ते पायी जाणाऱ्या भक्तांनी फुललेले असतात आणि वाहतूक वळवलेली असते. त्या काळात जायचंच असेल तर औशावरून किल्लारी–उमरगा असं जा. एरवी तुळजापूरमार्गे सोपं पडतं. दोन्हीकडून अंतर शंभर किलोमीटरच्या पुढेच आहे, म्हणजे जाऊन-येऊन निदान पाच तास गाडीवर. टू-व्हीलरवर मागे बसणाऱ्याची पाठ या अंतराला बोलायला लागते. शक्य असेल तर कार न्या, नाहीतर पहाटे निघा. औसा–तुळजापूर रस्त्यावर उजनी लागतं. परतीला तिथली बासुंदी चुकवू नका. जातानाच खाल्ली तर किल्ल्यावर झोप येते.

पाणी नसताना नळदुर्ग कसा? हिवाळ्यात छान. उपळी बुरुजावर चढून बसलं की सगळा किल्ला, नदीचं वळण आणि गाव एका नजरेत येतं. १८५३ नंतर हा मुलूख इंग्रजांकडे गेला, तेव्हा मेडोज टेलर हा अधिकारी इथंच राहून कारभार बघत होता. त्यानं राहायला ही जागा का निवडली असेल ते वर बसल्यावर कळतं. पण नुसता किल्लाच बघायचा असेल तर एवढ्या लांब जाण्यापेक्षा लातूरपासून वीसेक किलोमीटरवरचा औसा बरा, नाहीतर उदगीर. उन्हाळ्यात तर नकोच. काळा दगड तापतो आणि सावली नाही.

अंबाजोगाई: मुक्काम करायचा असेल तर

लातूरहून साठेक किलोमीटर. शनिवारी चारला काम आटोपून रेणापूरमार्गे निघालात तरी उजेडात पोचता. नळदुर्गची सगळी मजा एका दृश्यात आहे, अंबाजोगाईत ती एका संध्याकाळवर आणि एका सकाळवर पसरलेली आहे. म्हणून एक रात्र मिळत असेल तर माझं मत अंबाजोगाईला.

संध्याकाळ मुकुंदराजांच्या समाधीकडे काढा. बालाघाटाच्या कडेवरची ही जागा गावाबाहेर, दरीत आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं, समोर डोंगर उघडे होत जातात, पावसाळ्यात पाण्याचा आवाजही साथीला असतो. मराठीचा आद्यकवी म्हणून परंपरा ज्यांना मानते त्यांच्या समाधीपाशी आपण नुसते बसून राहू शकतो, कुणी घाई करत नाही. अंधार पडायच्या आत मात्र वर या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर योगेश्वरी, म्हणजे गर्दी लागत नाही. मग हत्तीखाना. जमिनीच्या पातळीखाली कोरलेली ही शिवलेणी, अंगणात दगडाचे मोठाले हत्ती आणि नंदीचा मंडप. इथली कथा प्रसिद्ध आहे: योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी कुमारिकाच राहिली. लग्न झालेल्या दोघांनी ही गोष्ट त्या हत्तींसमोर उभं राहून एकमेकांना सांगावी. आम्ही सांगितली, आणि त्यातून आमच्याच लग्नातल्या कितीतरी राहून गेलेल्या गोष्टी बोलायला निघाल्या. वेळ उरला तर दासोपंतांची समाधी. कापडाच्या लांबलचक पासोडीवर वेदान्तावरचं 'पंचीकरण' लिहून काढणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

राहण्याच्या सोयीतही अंबाजोगाई पुढे आहे. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयामुळे बाहेरची माणसं सतत येत-जात असतात. त्यामुळे लॉज आहेत, खाणावळी उशिरापर्यंत चालू असतात आणि रात्री जेवून रस्त्यानं चालत आलात तर कुणी वळून बघत नाही. तरुण जोडप्याला याचं मोल कळेल. खोली ठरवताना दोघांचीही आधार कार्डं जवळ ठेवा. बायकोच्या आधारवर माहेरचं आडनाव असेल तर काउंटरवर जास्तीचे प्रश्न येतात. ते आधी फोनवरच मिटवून घ्या, म्हणजे दारात उभं राहून खुलासे करावे लागत नाहीत. खोलीचं बाथरूम बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

नवरात्रात आणि मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास देवीचा उत्सव असतो, तेव्हा हे सगळं उलट होतं. आणि "परळी जवळच आहे" म्हणून वैजनाथ जोडायचा मोह होईल. पंचवीसेक किलोमीटरच आहे, पण रविवारची निवांत सकाळ त्यात जाते.

तेर: साध्या रविवारसाठी

मुरूड, ढोकी करत पन्नासेक किलोमीटर. हे सगळ्यात कमी गाजलेलं आणि मला सगळ्यात आवडणारं. हेच प्राचीन तगर. सातवाहनांच्या काळात इथला माल पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून थेट रोमपर्यंत जायचा. लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय हेच इथं येण्याचं मुख्य कारण. शंखाच्या बांगड्या, मणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंती बाहुली. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी कुणासाठी तरी घेतलेल्या या वस्तू आहेत. दोघांनी एकेका कपाटापाशी थांबून बघावं, तासभर कसा गेला कळत नाही. चालू आहे ना, याची चौकशी करून निघा.

नंतर त्रिविक्रम मंदिर. पाठीमागून अर्धगोल आकाराचं, जुन्या विटांचं, आधी बौद्ध चैत्य असावं असं अभ्यासक मानतात. मग तेरणेकाठी गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची समाधी. डबा इथंच सोडा. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी घरून न्या, कारण जेवणाची मोठी सोय गावात शोधत बसावी लागते.

तेरला जोडून एकच ठिकाण चालतं, ते म्हणजे येडशीचं रामलिंग, आणि तेही पावसाळ्यात. दरीत देऊळ, मागे धबधबा, भोवती अभयारण्य. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला अजिबात नको. माकडं हातातली पिशवी ओढतात, प्रसाद आत ठेवा. पावसाळा नसेल तर तेरवरच थांबा.

एसटीनं जाणाऱ्यांना चारही ठिकाणं जमतात, त्यात अंबाजोगाई सगळ्यात सोपी. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघांचा खर्च दीड तिकिटात भागतो.

खरोसा: अर्धा दिवसच हातात असेल तर

औशाच्या पुढे, जांभ्या खडकातली लेणी, वर रेणुकेचं देऊळ. कोरीव काम झिजलेलं आहे. वेरूळ डोक्यात ठेवून जाल तर नाराज व्हाल. पण सकाळी सातला पोचून टेकडीवर बसायला, चहाचा थर्मास उघडायला जागा सुरेख आहे, आणि उन्हाळ्यातही दहाच्या आत परत फिरता येतं. पुढे निलंग्याला नीळकंठेश्वराचं चालुक्य घडणीचं देऊळ आहे, तिथली उमामहेश्वराची आलिंगनमूर्ती दोघांनी मिळून बघावी. निलंगा राईस खाऊन घरी. लेण्यांपाशी स्वच्छतागृहाच्या भरवशावर राहू नका, औशातच थांबून घ्या.

येळवशीच्या, म्हणजे शेतात जेवायच्या वेळा अमावास्येच्या दिवशी यातलं काहीच ठरवू नका. त्या दिवशी ज्यांच्या शेतात बोलावणं असेल तिथं जा, भज्जी खा, आंबील प्या आणि दुपारी बांधावरून दोघंच लांबवर चालत जा.

पहिल्यांदाच दोघं निघणार असाल आणि घरी कसं सांगायचं हा प्रश्न असेल, तर तेरपासून सुरुवात करा. सकाळी निघून चारपर्यंत परत येता येतं, गोरोबाकाकांचं दर्शनही होतं, त्यामुळे विचारणाऱ्यांना उत्तर मिळतं. असे एक-दोन रविवार गेले की घरच्यांना सवय होते. मग दिवाळीनंतरचा एखादा शनिवार अंबाजोगाईच्या मुक्कामासाठी मागून घ्या. नळदुर्गसाठी तारीख ठरवू नका. कुरनूर सांडल्याची बातमी आली की त्याच आठवड्यात निघा.