कोकमासाठी सोलर ड्रायर: तीन हंगाम वापरून झाल्यावर

आमचं घर राजापूर तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. रातांब्याची, म्हणजे कोकमाची, अकरा झाडं आहेत. आमसुलं (सुकवलेली सालं, आम्ही सोलंही म्हणतो), आगळ (रातांब्याचा खारवलेला रस) आणि थोडी आंबापोळी घरीच करून विकते. गिऱ्हाईक बहुतेक मुंबईचं, गणपतीला आलं की पिशव्या भरून नेणारं. म्हणजे हे मत अंगणातल्या धंद्यापुरतं आहे, कारखानावाल्यांनी दुसरीकडे विचारावं.

ड्रायर घेतला तो तौक्तेमुळे. मे २०२१ मध्ये वादळ येणार हे ठाऊक होतं, अर्धवट सुकलेली सोलं घरात घेतलीही, पण पुढे ऊनच मिळालं नाही आणि सगळ्याला बुरशी आली. तसं वादळ नसलं तरी रातांबा पिकायला जोर धरतो मे सरताना, आणि मागोमाग पाऊस दारात. मग पडवीत भट्टी पेटवायची. ऐन-किंजळीचं टेम्पोभर लाकूड जायचं आणि आमसुलाला धुराचा वास लागायचा तो वेगळाच.

ड्रायर म्हणजे पॉलीकार्बोनेटची आठ ट्रेची पेटी. आतला काळा पत्रा उन्हाने तापतो, गरम हवा ट्रेमधून वर चढते आणि छोट्या सौर पॅनेलवरचा पंखा दमट हवा बाहेर टाकतो. एका वेळी वीसेक किलो ओली सालं मावतात. दुपारी थर्मामीटर लावून पाहिला तर ५८ अंश. आगळाची पुटं देत देत अंगणात आठवडा घेणारं आमसूल चौथ्या दिवशी बरणीत जातं. धूळ नाही, कोंबड्या नाहीत, वानरं नाहीत. सासूबाई पूर्वी काठी घेऊन राखणीला बसायच्या, आता काम नाही म्हणून माझ्यावर राखण ठेवतात.

पण पहिला हंगाम पार वाया गेला. विकणाऱ्याने पेटी उतरवली, पावती दिली, "उन्हात ठेवा की झालं" म्हणाला आणि गाडी वळवली. ट्रेला जाळी होती जस्ताची. कोकमाच्या आंबटपणाने ती आठ दिवसांत खाल्ली आणि सोलांवर काळपट डाग आले. आंबापोळीची तऱ्हा आणखी वाईट. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून मी शहाणीने झरोके बंद ठेवले. पेटीच्या आतून पाणी ओघळायला लागलं, पोळीला वरून कातडी धरली आणि आत चिखल. फोन केला तर "ताई, तुमच्याकडे हवाच दमट" असं उत्तर. खाडीकाठी राहतो, हवा दमट असणार हे विकताना सुचलं नव्हतं!

दुसऱ्या वर्षी आमच्या बचत गटाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेली मुलगी माझ्या सुनेच्या वयाची. ट्रे बघून तिने पहिलाच प्रश्न केला, "काकी, ही जाळी कोणी दिली?" जाळी स्टेनलेस स्टीलची हवी. पहिल्या दिवशी झरोके सताड उघडे, कारण तेव्हा उष्णतेपेक्षा ओल बाहेर जाणं महत्त्वाचं. माल सुकत आला की अर्धे बंद. खालचे ट्रे वर, वरचे खाली, रोज. आंबापोळीचा थर पातळ, तो सुकल्यावर दुसरा. आणि संध्याकाळी सगळं घट्ट बंद, नाहीतर सुकलेलं आमसूल रात्रीची दमट हवा पिऊन सकाळी परत मऊ. एवढंच होतं. त्या दोन दिवसांनी माझी पेटी ड्रायर झाली.

कलमांचंही तिथेच कळलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची १९९७ सालची कोकण अमृता ही कोकमाची जात पावसाआधी हाती येते. बियांची रोपं लावावीत तर साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला काही वर्षं पाणी घालावं लागतं. मी चार कलमं लावली आहेत, अजून लहान आहेत.

आता खोट. "पावसातही चालतो" हे जाहिरातीतलं वाक्य खोटं. ढग दाटले की पंखा थांबतो आणि पेटीत नुसती वाफ. त्यामुळे जूनमध्ये भट्टी अजून लागते, पण टेम्पोऐवजी चार-पाच भारे. पॉलीकार्बोनेट समुद्राच्या वाऱ्याने आणि उन्हाने आताच पिवळट पडलं आहे, बदलल्यावर जुनं कुठे टाकायचं ते कोणी सांगत नाही. किंमतही झेपणारी नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे, ते कर्जाशी जोडलेलं असतं, म्हणून आधी बँकेत विचारा. मी घाईत रोख घेतला.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो जाळीसाठी, एक त्या फोनवरच्या उत्तरासाठी. सासूबाई मात्र सोलकढीला अजून अंगणातलीच सोलं मागतात. गेल्या महिन्यात मी न सांगता ड्रायरची घातली, दोन वाट्या प्यायल्या.