सी अँड ओ कालव्याचा टो-पाथ: १८४.५ मैल मातीची वाट, गाडी एकही नाही

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनपासून मेरीलँडमधल्या कंबरलंडपर्यंत पोटोमॅक नदीच्या डाव्या तीराने ही वाट जाते. लांबी १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर. सी अँड ओ म्हणजे चेसापीक अँड ओहायो कालवा. त्याचं काम १८२८ मध्ये सुरू झालं, कंबरलंड गाठायला १८५० उजाडलं आणि १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची बंद पडली. होड्या ओढणारी खेचरं ज्या वाटेने चालायची, तीच आज सायकलवाल्यांची. १९७१ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. टो-पाथवर सायकल चालवायला तिकीट लागत नाही.

आमचं मत: सुक्या हवेत याला तोड नाही. सलग दोन दिवस पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला.

चढाबद्दल आधी एक गैरसमज दूर करू. एकूण चढ जेमतेम ६०५ फूट, तोही ७४ लॉकमध्ये (होड्यांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या, दारं असलेल्या टाक्या) वाटलेला. प्रत्येक लॉकपाशी आठेक फुटांचा छोटासा उंचवटा येतो आणि मधली वाट पाण्याच्या पातळीइतकी सपाट असते. कागदावर हे सोपं दिसतं. पण उतार नाही म्हणजे पाय थांबवायलाही जागा नाही. दिवसभर पेडल चालूच राहतं, बसण्याची ढब बदलत नाही, आणि मांड्यांच्या आधी तळहात आणि बूड कुरकुरायला लागतात. दर अर्ध्या तासाला उतरून दोन मिनिटं चाला. सीट नवी असेल तर ती इथे पहिल्यांदा वापरू नका.

पृष्ठभाग सगळीकडे सारखा नाही, आणि या वाटेबद्दलच्या तक्रारी बहुतेक तिथूनच येतात. एडवर्ड्स फेरीच्या (जॉर्जटाऊनपासून मैल ३०.८) वरच्या भागात अलीकडच्या वर्षांत बारीक खडीचा थर दाबून बसवला आहे, तिथे सायकल पळते. पश्चिमेकडे हॅनकॉक ते कंबरलंड मात्र बराच भाग दोन चाकोऱ्यांचा, मध्ये गवत, मुळं आणि चिकणमाती. या भागात सुक्या दिवशी ताशी १५ ते १८ किलोमीटर सहज निघतात, ओल्यात ११-१२ ला समाधान माना. टायर किमान ४० मिलिमीटर रुंदीचा हवा. ७५ किलोचा माणूस आणि १२ किलो सामान धरलं तर ४२ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरला पुढे ३० आणि मागे ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) ठीक. ट्यूब असेल तर दोन्हीकडे पाचने वाढवा, नाहीतर मुळावर आपटून ट्यूब रिमला चेपते आणि सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. २८ मिलिमीटरचे रोड टायर घेऊन येणारे दर मोसमात दिसतात आणि चिखलात सायकल ढकलतानाही तेच दिसतात.

पूर्ण मडगार्ड लावले असतील तर टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर फट हवी. चिकणमातीत ओली पानं मिसळली की त्या फटीत लगदा साचतो आणि चाक जाम होतं. ओल्या वाळूत रेझिनचे ब्रेक पॅड भराभर झिजतात, त्यामुळे सिंटर्ड (धातूचे) पॅड लावा आणि एक जोडी जवळ ठेवा. सुकी काटकी मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलणारा भाग) शिरली तर तो जिथे बसवलेला असतो तो हँगर मोडतो. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो आणि वाटेवरच्या दुकानात नेमका तुमचा मिळेलच असं नाही, म्हणून आपलाच एक पिशवीत हवा. कॅरिअरचे बोल्ट सततच्या थरथरीने ढिले होतात, रोज संध्याकाळी ॲलन की फिरवून बघा. चेनला ओल्या हवेचं तेल घाला, पण वरचं पुसून काढा, नाहीतर ती धूळ ओढत बसते.

पाऊस गाठलाच तर एक पळवाट आहे. लिटल ऑर्लियन्सपासून हॅनकॉकमार्गे बिग पूलपर्यंत वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल ही जुन्या रेल्वेमार्गावरची डांबरी वाट टो-पाथला जवळजवळ समांतर जाते, साधारण २८ मैल. मध्ये इंडिगो बोगदा वटवाघळांसाठी बंद ठेवला आहे, तेवढ्यापुरतं पुन्हा टो-पाथवर उतरावं लागतं. चिखलाने हैराण झालेल्यांनी इथे कमीपणा मानू नये.

राहण्याची सोय या वाटेचं खरं बळ आहे. सायकलवाल्यांसाठी आणि पायी जाणाऱ्यांसाठी साधारण दर पाच ते सात मैलांवर फुकट तंबूतळ आहेत. आरक्षण नाही, एका ठिकाणी एकच रात्र. टेबल, चूल पेटवायची जागा, फिरतं शौचालय आणि हातपंप एवढं मिळतं. पंपाच्या पाण्यात आयोडीन घालतात, चवीवरून बिचकू नका. मात्र नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत पंपाचे दांडे काढून ठेवतात. एरवीही एखादा पंप बंद निघतो, म्हणून तीन लिटर पाणी बरोबर असू द्या. कचरापेट्या नाहीत, आपला कचरा आपणच परत न्यायचा. जॉर्जटाऊनकडून येणाऱ्याला पहिला तंबूतळ स्वेन्स लॉकपाशी, मैल १६.६ ला मिळतो, त्याआधी नाही. तंबू नको असेल तर काही जुनी लॉकहाऊस (लॉक चालवणाऱ्यांची घरं) भाड्याने मिळतात. त्यातल्या काहींत वीज-पाणी आहे आणि काहींत दोन्ही नाही, नोंदणी करताना नीट वाचा.

जेवणाचं नियोजन कंबरलंड-हॅनकॉक या ६० मैलांत फसतं. पॉ पॉ आणि लिटल ऑर्लियन्सला थोडंफार मिळतं, वेळेचा भरवसा नाही, आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला बहुधा चिप्स येतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग दोन दिवस उत्तम टिकतात. फोनची रेंजही इथे जाते-येते. मदत मागायची वेळ आली तर जवळच्या मैलखांबाचा आकडा सांगा. आकडे जॉर्जटाऊनपासून मोजलेले आहेत.

पॉ पॉ बोगदा (मैल १५५) ३,११८ फुटांचा. नदीच्या नागमोडी वळणांचे मैल वाचवायला १८३६ मध्ये खोदायला घेतला आणि कालवा कंबरलंडला पोचला तेव्हाच तो उघडला. आतली वाट अरुंद, खडबडीत, एका बाजूला लाकडी कठडा. भर दुपारीही काळोख असतो. दिवा लावा आणि सायकल हातात धरून चाला. समोरून कोणी आलं तर पॅनियर (कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या) अडकतात, रुंद सामान असेल तर तोंडाशी थांबून आधी आत दिवा दिसतो का ते बघा. गावाला आणि बोगद्याला ज्या फळाचं नाव पडलं ते पॉपॉ सीताफळाच्याच कुळातलं. सप्टेंबरात वाटेवर पिकून पडतं, गर पिवळा आणि चव केळं-आंब्याच्या मधली. बिया आणि साल खाऊ नका.

दिशा कंबरलंडकडून जॉर्जटाऊनकडे ठेवा. उतार नगण्य आहे, कारण रेल्वेचं. ॲमट्रॅकची (अमेरिकेची प्रवासी रेल्वे) वॉशिंग्टनहून निघणारी गाडी संध्याकाळी कंबरलंडला सोडते, सायकलचे भाग सुटे न करता ती डब्यात चढवता येते. जागा मोजक्या असतात, सायकलीचं आरक्षण तिकिटाबरोबरच करा. चार दिवसांचे मुक्काम हॅनकॉक, शेपर्ड्सटाऊन आणि टर्टल रन तंबूतळ (मैल ३४.४) असे बसतात. उत्तम काळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलैत डास असह्य होतात. गोचीड तर थंडी सोडून कायम असतात, रोज रात्री गुडघ्यामागे आणि काखेत तपासा, लाइम रोगाचा हा पट्टा आहे. तीन पानांची विषारी वेल ओळखायला आधीच शिका. वेगमर्यादा ताशी १५ मैल आणि घंटी सक्तीची.

शेवटचे तीन मैल फ्लेचर्स कोव्हपासून गर्दीचे. तिथे शेजारच्या डांबरी कॅपिटल क्रेसेंट ट्रेलवर गेलेलं बरं. जॉर्जटाऊनला पोचून बरेचजण संपलं म्हणून थांबतात, पण शून्य मैलाची खूण पुढे रॉक क्रीकच्या मुखाशी, थॉम्पसन बोटहाऊसच्या मागे आहे. पाटी नीट दिसत नाही, बोटहाऊसला वळसा घालून पाण्याच्या कडेला जावं लागतं.