मार्केट ड्रेटनचा बाजार: जाल तर बुधवारीच जा

परवा सुट्टी टाकून इंग्लंडच्या श्रॉपशायरमधल्या मार्केट ड्रेटनला जाऊन आलो. इथलं रेल्वे स्टेशन १९६३ लाच बंद झालंय, त्यामुळे श्रूझबरीहून बस धरायची, आणि परतीची चुकली की बसा बोंबलत, माझी चुकलीच.

बाजार बुधवारी. १२४५ मध्ये तिसऱ्या हेन्रीने सनद दिली तीही बुधवारच्याच बाजाराची, आपल्याकडे तेव्हा देवगिरीवर यादव होते म्हणजे बघा! पण एवढा जुना बाजार म्हणून कोल्हापूरसारखी गर्दी डोळ्यासमोर आणू नका, भाजी, चीज, रोपं, स्वस्तातले मोजे, तासाभरात फिरून होतो. बटर क्रॉस तेवढा बघा, खांबांवर नुसतं छप्पर, शेतकरी लोणी विकायला तिथे बसायचे. १६५१ च्या आगीत गावाचा बराचसा भाग जळाला, काळ्या लाकडी पट्ट्यांची जी घरं फोटोत येतात त्यातली बरीचशी त्यानंतरची.

आता मुख्य गोष्ट, जिंजरब्रेड. गाव याच्यावरच मिरवतं. केक समजून चावाल तर दात दुखेल, बोटाएवढं लांबट कडक बिस्किट आहे ते, वास थेट आपल्या आलेपाकाचा. इथली जुनी माणसं पोर्ट वाईनमध्ये बुडवून खातात, मी एका कॅफेत चहात बुडवलं, पण चहा इतका कोमट की बिस्किट ढिम्म हललं नाही. घरी कडक चहा करून परत ट्राय केलं, मग मात्र अर्धं पाकीट एका बैठकीत संपलं.

स्टॉलवाल्या आजोबांनी अभिमानाने सेंट मेरी चर्चचा टॉवर दाखवला, म्हणे ईस्ट इंडिया कंपनीचा तो रॉबर्ट क्लाइव्ह लहानपणी वर चढून दगडी राक्षसाच्या मुंडक्यावर बसला होता (त्याचा जन्म इथून जवळच, १७२५ चा, आणि गावातल्या दुकानदारांकडून पोरांची टोळी करून हप्ता घ्यायचा असंही सांगतात, म्हणजे सराव इथलाच). मी म्हटलं, ओळखतो की, मी विजयदुर्गाकडचा, १७५६ मध्ये आमच्याकडे येऊन गेलाय, वॉटसनच्या आरमाराबरोबर, तुळाजी आंग्र्यांचा किल्ला घ्यायला, आणि आमचे पेशवेच इंग्रजांच्या बाजूने होते. आजोबा दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, दोन पाकिटं देऊ की तीन?

तीन घेतली.