इंजिनाला मीटर नसतो: ‘कमी चाललेल्या’ जपानी इंजिनाची थाप

जपानहून आलेलं जुनं इंजिन ‘फक्त ६० हजार किलोमीटर चाललेलं’ म्हणून घ्यायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. मला हाच आकडा सांगून इंजिन गळ्यात मारलं गेलं. टोयोटाचं थ्रीएस-एफई, दोन लिटरचं. इंजिन मुळात दणकट, त्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलेल्या आकड्याबद्दल.

त्याची गोष्ट ठरलेली होती. जपानमध्ये ‘शाकेन’ नावाची गाडीची तपासणी इतकी कडक, की लोक ६० हजारांतच इंजिन काढून टाकतात. ऐकायला पटतं, पण ते खोटं आहे. शाकेन खरी आहे: नव्या खासगी कारला तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. तिच्यात ब्रेक, दिवे, धूर वगैरे तपासतात. अमुक किलोमीटर झाले म्हणून इंजिन उतरवा, असं कोणी सांगत नाही. गाडी भंगारात जाते ती खर्चामुळे. तपासणीबरोबर वजनावरचा कर भरावा लागतो आणि साधारण १३ वर्षांनंतर पेट्रोल गाड्यांवरचा कर वाढतो. आता हिशोब करा. वर्षाला आठ हजार किलोमीटर जरी धरले, तरी १३ वर्षांत लाख ओलांडतो. शिवाय शहरातल्या गर्दीत इंजिन चालू ठेवून उभं राहण्याची झीज किलोमीटरमध्ये दिसतच नाही.

इंजिन माझ्यासमोर आलं तेव्हा आरशासारखं लखलखत होतं. डिग्रीझरने धुतलेलं, ब्लॉकवर चंदेरी रंगाचा फवारा. बसवल्यावर पहिल्यांदा चांगलं चाललं. मग थंडीत सुरू करताना निळा धूर, आणि ऑइलची पातळी बघता बघता खाली. गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं. एका सिलिंडरचं बाकीच्यांपेक्षा बरंच कमी. स्पार्क प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर काटा चढला. म्हणजे पिस्टनभोवतीच्या, फट बंद ठेवणाऱ्या रिंगा गेलेल्या. व्हॉल्व्हमधून गळती असती, तर ऑइल टाकून फारसा फरक पडला नसता.

टायमिंग बेल्टचं, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणाऱ्या पट्ट्याचं, कव्हर उतरवून मेकॅनिक फडक्याने काजळी पुसत होता. कडेला अर्धवट खरवडलेलं स्टिकर निघालं. जपानी गॅरेजवाले बेल्ट बदलला की तारीख आणि किलोमीटर लिहून असं स्टिकर चिकटवतात. वर्षाच्या जागी १८ होतं. जपानी कालगणनेतलं हेइसेई १८, म्हणजे २००६. किलोमीटर ९८ हजारांवर. बेल्टच ९८ हजारांवर बदललेला! त्यानंतर ते इंजिन किती चाललं, देव जाणे.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. किलोमीटर मोजतो तो गाडीतला मीटर. इंजिन गाडीतून उतरवलं, की त्या आकड्याशी त्याचा संबंध तुटला. विक्रेते गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा जपानी कागद पुढे करतात. त्यावर चेसिस नंबर असतो, इंजिनाचा मॉडेल कोड असतो. पण त्या विशिष्ट इंजिनाचा स्वतंत्र नंबर नसतो. त्यामुळे कागद खरा असला तरी तो याच इंजिनाचा, हे सिद्ध होत नाही. हाफ कट, म्हणजे वायरिंग आणि डॅशबोर्डसकट गाडीचा पुढचा भाग घेतलात तर निदान मीटर बघायला मिळतो. तोही बदललेला असू शकतो, हे धरून चाला.

म्हणून आकडा विचारत बसू नका. कॉम्प्रेशन तुमच्यासमोर, तुमच्या मेकॅनिकच्या गेजने मोजून घ्या. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर सोडून द्या. ऑइल भरायचं झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आत बघा. बाहेरून धुता येतं, पण कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) बसलेला तपकिरी थर आणि झाकणाखालचा काळा गाळ सहज निघत नाही. टायमिंग कव्हर उघडायला सांगा. विकणारा तयार नसेल, तर कितीही गोड बोलला तरी निघून या.

वॉरंटीचा कागदही पूर्ण वाचा. माझ्या इंजिनाच्या ब्लॉकवर एक छोटी धातूची चकती चिकटवलेली होती. इंजिन जास्त तापलं की तिचा मधला भाग वितळतो, आणि वॉरंटी संपते. माझी चकती शाबूत होती. तरी उत्तर आलं, की जुनं इंजिन ऑइल खाणारच, ते वॉरंटीत येत नाही, आणि उतरवण्या-बसवण्याची मजुरी तर नाहीच.

स्टिकरचा फोटो पाठवला, तेव्हा विक्रेता म्हणाला, ‘ते कव्हर दुसऱ्या इंजिनाचं असेल.’ मग ६० हजार कशावरून, हे विचारल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. पैसे परत मिळाले नाहीत. शेवटी त्याच इंजिनात नव्या रिंगा, व्हॉल्व्ह सील आणि बेअरिंग टाकून ते बांधून घ्यावं लागलं. तो विक्रेता अजूनही ‘६० हजार चाललेलं’ म्हणूनच इंजिनं विकतो आहे.