इंग्रजी शिकवणारं अ‍ॅप, नऊ महिन्यांनंतर: विंडो सीट अजून मिळालेली नाही

गेल्या सोमवारी खात्यातून परत 699 रुपये गेले, म्हणून हे लिहायला बसलोय. तीन महिन्यांचे 699, असे तीन हप्ते मी राजीखुशीने भरले होते. हा चौथा मी भरलेला नाही, त्यांनी घेतलाय. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, वाद चालू आहे. रोज धडा केल्याची साखळी, चुकलं की खेळातल्यासारखा एक जीव जाणं, जीव संपले की जाहिराती बघत बसणं हे तुम्हाला माहीत असेलच.

मी एसटीत 31 वर्षं वाहक होतो. मुलगा दक्षिण लंडनमध्ये क्रॉयडनला असतो. त्याच्याकडे जायचं ठरलं तेव्हा 'व्याकरण आणि प्रवासाची इंग्रजी' हा कोर्स घेतला. म्हटलं, तिकीट, सीट, सामान हे तर आपलंच खातं.

तिसऱ्याच धड्यात माइकसमोर म्हणायचं होतं, 'आय वुड लाइक अ विंडो सीट, प्लीज.' उच्चार चुकला की शब्द लाल होतो, बरोबर आला की हिरवा. विंडो लाल. पुन्हा म्हटलं, पुन्हा लाल. 'वुड'सुद्धा लाल. त्या दिवशी चौदा वेळा म्हटलं. आतून ही विचारते, "अहो, मिळाली का खिडकी?" म्हटलं, नाही. तर म्हणाली, "मग रुमाल टाका."

गोम अशी की आपल्याकडे 'व' एकच. लिहिताना आपण फरक करतो: व्हिसा, व्हॅन, व्हिक्टोरिया एकीकडे आणि विंडो, वॉटर, वेटर दुसरीकडे. पण तोंडातून येताना दोन्ही जवळजवळ सारखेच येतात, फार तर पहिल्याला थोडा ह लागतो. तो ह त्या माइकला नको असतो. त्याला व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले हवेत आणि डब्ल्यूला ओठांचा चंबू. हे अ‍ॅपने कुठेही सांगितलं नाही, नुसतं लाल करत राहिलं. सुनेने व्हिडिओ कॉलवर दाखवलं: 'ऊ' म्हणा, मग 'इंडो' जोडा. ऊइंडो. हिरवं झालं! दुसऱ्या दिवशी परत लाल. 699 रुपये घेणाऱ्याला एक ओठांचं चित्र काढता येऊ नये?

व्याकरणाचा भाग मात्र मी उगाच नावं ठेवत होतो. 'आय हॅव कम यस्टरडे' चूक दाखवलं तेव्हा मी तावातावाने भांडलो होतो, कारण 'मी काल आलो आहे' यात काय वाईट आहे? पण इंग्रजीत 'काल' आला की 'हॅव' चालत नाही, साधा भूतकाळच. दुसरं, 'आय अ‍ॅम हॅविंग वन सन'. हे मी आयुष्यभर असंच म्हणत आलो. सून हसून म्हणाली, "बाबा, तिकडे याचा अर्थ मुलगा होणार आहे असा होईल." वय 63. त्यानंतर 'आय हॅव' पक्कं झालं. ए, अ‍ॅन, द हे प्रकरण मी सोडून दिलंय.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर आपल्या पासपोर्टला यंत्राचं गेट उघडत नाही, माणसासमोर उभं राहावं लागतं. त्याने विचारलं, "हाऊ लाँग आर यू स्टेइंग?" मी म्हटलं, "वुई आर स्टेइंग फॉर सिक्स वीक्स." एका दमात. त्याने शिक्का मारला. तिथे अ‍ॅपला मनातल्या मनात डबल बेल दिली.

पण प्रवासाचे शब्द? सगळे अमेरिकेचे. 'राउंड ट्रिप' घोकून घेतलं आणि तिथे स्टेशनवर विचारतात 'सिंगल ऑर रिटर्न?' अहो, रिटर्न तर मला साताऱ्यातच येत होतं. बसच्या धड्यात ड्रायव्हरला रोख पैसे देण्याचा संवाद दहा दिवस पाठ केला. लंडनच्या बसमध्ये 2014पासून रोख पैसे चालतच नाहीत. कार्ड टेकवायचं आणि मागे जायचं. कंडक्टरही नाही. मी पहिल्या दिवशी उगाच मागे वळून बघत होतो. (तासाभरात दुसरी बस बदलली तर तिचे पैसे लागत नाहीत, हे मात्र आवडलं.)

ईस्ट क्रॉयडनला तिकीट खिडकीवर 'व्हिक्टोरिया' म्हटलं तर बाई "सॉरी?" म्हणाल्या. मग वरचे दात ओठावर टेकवले आणि पुन्हा म्हटलं. लगेच कळलं. म्हणजे तो मेला माइक खोटं बोलत नव्हता. एवढं मान्य करायला मला सात महिने आणि हजारो मैल लागले.

आता पैशांचं. परत आल्यावर अ‍ॅपमध्ये जाऊन कॅन्सल केलं होतं. पण यूपीआयचं ऑटोपे, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, वेगळं असतं, ते तसंच राहिलं. पैसे कापण्याच्या 24 तास आधी मेसेज येतो, तसा आलाही होता, मी जाहिरात समजून पुसला. ही माझी चूक. तक्रार इंग्रजीतच करायची होती. आधी लिहिलं 'आय हॅव कॅन्सल्ड ऑन थर्ड', मग त्यांच्याच धड्याप्रमाणे हॅव खोडलं. उत्तर आलं की पैसे परत मिळणार नाहीत, सेवा सुरू राहील.

मग राहू दे सुरू. पैसे गेलेत तर तीन महिने पुरेपूर वापरणार. ऑटोपे यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन बंद केलंय, तुम्हीही एकदा तिथली यादी बघा. काल सकाळी 'व्हेजिटेबल' तीनदा लाल झालं. विंडो सुरू असताना हिने पोळ्या लाटता लाटता आतून नुसतं "विंडो" म्हटलं आणि माइकने हिरवं दाखवलं.