चारही इंजेक्टरांवर एकच कोड : माझे ₹४४,४३० कसे गेले

भोसरीतल्या एका कारखान्यात मी २२ वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम करतो. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मापायचे, त्यांतली खोट शोधायची आणि खोट सापडली की माल परत पाठवायचा, यावर माझे घर चालते. म्हणूनच बनावट इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) विकत घेतल्याची पुढची हकीगत लिहिताना मला अतिशय लाज वाटते. तरीही लिहितो आहे, कारण जुन्या डिझेल गाड्या घरच्या घरी दुरुस्त करणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत आणि ज्याने मला फसवले त्याचा धंदा आजही वेगळ्या नावाने सुरू आहे.

माझी गाडी २०११ ची व्हर्ना आहे, १५८२ सीसीचे डिझेल इंजिन असलेली. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, ग्लो प्लग ही सगळी कामे मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करतो. २०२६ मध्ये गाडीला १५ वर्षे पूर्ण होतात. त्या वेळी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ₹५,००० शुल्क भरून गाडी तपासणीला उभी करावी लागणार, म्हणून त्याआधी इंजिनातले सगळे दोष काढून टाकावेत असा माझा विचार होता. जानेवारीत सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देऊ लागली. मी अंदाजाने काहीही बदलले नाही. चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला, म्हणजे जास्तीचे डिझेल परत जाते त्या तोंडाला, सलाइनच्या नळ्या जोडल्या, त्या चार बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन पाच मिनिटे आयडलवर चालू ठेवले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीत साधारण २० मिलिलिटर डिझेल जमा झाले, तर तिसरीत ६५. म्हणजे तिसऱ्या इंजेक्टरचा व्हॉल्व्ह झिजलेला होता आणि बाकीचे तीन ठणठणीत होते. इथपर्यंत माझे काहीही चुकले नव्हते, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. (जुन्या पंपाच्या गाड्यांत चालू इंजिनावर पाइपचा नट सैल करून कोणता सिलिंडर मिसिंग करतो ते पाहण्याची सवय अनेकांना असते. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच नळीतून (रेलमधून) सगळ्या इंजेक्टरांना जबर दाबाने डिझेल मिळते अशा, गाडीत ती मुळीच आणू नका. या गाडीच्या रेलमधला दाब १,६०० बारपर्यंत जातो आणि तो फवारा कातडीत सुईसारखा घुसतो.)

अधिकृत सेवा केंद्राने एका इंजेक्टरचा दर ₹१७,८५० सांगितला. पुण्याच्या नाना पेठेत दोन दुकानांत विचारले, तिथे माल मागवून द्यावा लागेल असे उत्तर मिळाले. त्याच रात्री मोबाइलवर एक जाहिरात दिसली : याच इंजिनाचे नवेकोरे, कंपनीच्या पेटीतले इंजेक्टर, एक ₹१०,२५० ला आणि जुना परत दिल्यास ₹९,२५० ला. इतकी कमी किंमत पाहून मी सावध झालो नाही असे नाही. मी विक्रेत्याला स्पष्ट विचारले. तो म्हणाला, "सर, आमचा माल दिल्लीचा आहे. इथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद आहेत, मग हा माल आम्ही कोणाला विकायचा?" उत्तर तर्काला धरून होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली, हे मला माहीत होते. खोटे बोलणाऱ्याने एक खरी गोष्ट पुढे केली आणि तिच्या आडून बाकीचे सगळे खोटे माझ्या गळी उतरवले. त्याला अंगठाछाप गिऱ्हाईक नकोच असते, वर्तमानपत्र वाचणारे हवे असते.

मला एकच इंजेक्टर हवा होता. त्याचे म्हणणे असे की, एक नवा आणि तीन जुने असे चालत नाही, चार एकमेकांशी जुळवून घेतलेले, म्हणजे 'मॅच्ड सेट' असावे लागतात. हा शब्द त्याने तीनदा वापरला आणि तो कशासाठी पेरला जात होता हे मला पुढे कळले. मी ₹५,००० आगाऊ पाठवले, पेटीचा व्हिडिओ आल्यावर उरलेले ₹३२,००० आणि कुरियरचे ₹६४० पाठवले. एकूण ₹३७,६४०. पैसे पाठवताना पडद्यावर दुकानाचे नाव न येता एका बाईचे नाव आले. विचारल्यावर ते त्याच्या वहिनीचे खाते निघाले. बिल आले ते दिल्लीच्या पत्त्याचे, पण जीएसटी क्रमांक ०९ ने सुरू होणारा. ०९ उत्तर प्रदेशाचा, दिल्लीचा ०७ असतो. शिवाय परराज्यातून आलेल्या मालावर आयजीएसटी हा एकच कर लागतो, तर या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे, राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीचे, दोन रकाने भरलेले होते. हे सगळे मला आज दिसते आहे. त्या दिवशी बिल मी ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकून दिले. बिल मिळाल्याचा अर्थ बिल खरे आहे असा होत नाही, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहायला एक मिनिट लागते.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला क्षमा करू शकत नाही, तो सांगतो. प्रत्येक इंजेक्टर कारखान्यात स्वतंत्रपणे तपासला जातो. कोणता किती डिझेल सोडतो यातला सूक्ष्म फरक सात अक्षर-अंकांच्या कोडमध्ये बांधून तो कोड त्याच्या डोक्यावर कोरतात. इंजेक्टर बसवल्यावर हा कोड स्कॅनरने गाडीच्या संगणकात भरावा लागतो. स्कॅनरवाला शेजारच्या गल्लीतला, त्याने ₹८०० घेऊन यंत्र जोडून दिले, आणि कोड मी स्वतः भरत होतो. माझी दहावीतली मुलगी हातात विजेरी धरून एकेक कोड वाचून दाखवत होती. पहिला वाचला, दुसरा वाचला, आणि ती थांबून म्हणाली, "बाबा, हा तर पहिलाच कोड आहे." मी तिला तिसरा वाचायला सांगितला. तोही तोच. चौथाही तोच. ती म्हणाली, "चारी सारखेच कसे?" आणि मी, जो रोज दहा भागांवर एकच अनुक्रमांक दिसला तर अख्खी खेप अडवून ठेवतो, मी तिला म्हणालो, "मॅच्ड सेट आहे तो, तू फक्त वाच."

चार वेगवेगळ्या इंजेक्टरांचा कोड एकच येणे म्हणजे चार वेगळ्या माणसांच्या बोटांचे ठसे एक निघणे. हे मला माहीत होते. माहीत असूनही मी त्याचा शब्द स्वतःच्या तोंडून माझ्या मुलीला ऐकवला. पैशांपेक्षा हे अधिक बोचते. आता माझ्या बाजूने एवढेच म्हणतो की, त्या वेळी चार तास वाकून काम केलेले होते, सगळे पैसे देऊन झालेले होते, आणि अशा वेळी माणूस डोळ्यांना दिसते त्यापेक्षा मनाला हवे ते पाहतो. स्कॅनरवाल्यालाही तो प्रकार विचित्र वाटला नाही, आणि त्याचा तर तो रोजचा धंदा आहे.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्या आनंदात दुसऱ्याच दिवशी मी जुने चारही इंजेक्टर, ठरल्याप्रमाणे, त्याच्या पत्त्यावर पाठवून दिले. त्यांतले तीन उत्तम होते! जुना भाग हातचा घालवू नका. नवा निदान महिनाभर चालल्याशिवाय तर मुळीच नाही, मग समोरचा सूट देवो नाहीतर सोन्याची नाणी देवो. अस्सल जुने बॉडी घासून, त्यांत स्वस्त नोझल (डिझेल फवारणारे टोक) घालून, वर नवा कोड कोरून हाच माल पुढच्या गिऱ्हाइकाला जातो. म्हणजे सवलतीच्या बदल्यात मी दिलेल्या मालावर त्याचा पुढचा सौदा उभा राहतो.

अकराव्या दिवशी सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर आला. डिपस्टिक काढली तर ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर, आणि वास डिझेलचा. ऑइल वाढलेले पाहून खूश होणारे लोक मी पाहिले आहेत. ऑइल आपोआप वाढत नसते. नोझल ठिबकत होते आणि जळले नाही ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरत होते. अशी गाडी तशीच चालवली तर ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात किंवा पिस्टनला भोक पडते, म्हणून मी चावी काढून घेतली आणि इंजेक्टर पंप-नोझलवाल्याकडे नेले. त्याने टेस्ट बेंचवर तपासणीचे ₹१,६०० घेतले. दोन ठिबकत होते, एकाचा रिटर्न बेसुमार होता आणि एक कसाबसा चालण्याजोगा होता. त्याने कोडकडे एकदा पाहिले आणि हसला. मी त्याच्याकडे आधीच गेलो असतो तर माझा तिसरा इंजेक्टर त्याने ₹६,५०० मध्ये दुरुस्त करून दिला असता. कॉपर वॉशरचे ₹२४० आणि खराब झालेले ऑइल आणि फिल्टर बदलण्याचे ₹४,१५० धरून माझे ₹४४,४३० गेले.

विक्रेत्याचा फोन बंद. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. अशा तक्रारीत पहिले काही तास महत्त्वाचे असतात, कारण तेवढ्यातच समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. फसवणूक कळायलाच जिथे अकरा दिवस लागतात तिथे त्या खात्यात काय उरणार? बँकेने लेखी कळवले की, पिन तुम्हीच टाकला असल्यामुळे व्यवहार अधिकृत आहे. हे वाक्य मी पंधरा वेळा वाचले. चोराला दार मी उघडले म्हणून चोरी झालीच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

पोलीस ठाण्यात चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्या फेरीत विचारले गेले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" मी चारही इंजेक्टर टेबलावर ठेवून कोड दाखवले, ते पाहायला कोणी पुढे झाले नाही, मात्र टेबलावर डिझेलचा डाग पडेल अशी सूचना मिळाली. तिसऱ्या फेरीत सांगितले की, आरोपी दिल्लीचा आहे, तक्रार दिल्लीला करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापून नेलेल्या कागदासह सांगितल्यावर माझ्याकडे असे पाहण्यात आले की जणू आरोपी मीच. चौथ्या फेरीत बनावट शिक्क्याची तक्रार कंपनीने करावी असे उत्तर आले. शिक्का कंपनीचा असेल, पैसे तर माझे होते! भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, पण ते लावण्याइतकी रक्कम नाही असे मला तोंडी सांगितले गेले. कायद्यात अशी किमान रक्कम मला तरी कुठे सापडली नाही. चार फेऱ्यांचे फळ म्हणजे तक्रार अर्जाची शिक्का मारलेली पोच.

ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ₹५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. मी तक्रार तयार केली. अडले ते नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची यावर, कारण बिलावरच्या पत्त्यावरून पत्र 'असा इसम येथे राहत नाही' या शेऱ्यासह परत आले आहे. म्हणून सांगतो, परगावच्या विक्रेत्याचा खरा पत्ता हातात आल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नका, आणि पेटी उघडल्याबरोबर, पान्याला हात लावण्याआधी, चारही कोड कागदावर लिहून शेजारी शेजारी ठेवा.

मागच्या आठवड्यात एका नव्या नावाच्या पानावर जाहिरात दिसली : 'जुने इंजेक्टर चांगल्या किमतीत घेतो.' सोबत जुन्या इंजेक्टरांच्या ढिगाचे छायाचित्र होते. काढताना कोणता कुठला हे कळावे म्हणून मी माझ्या इंजेक्टरांवर पिवळ्या रंगाने मराठी आकडे घातले होते. ढिगाच्या उजव्या कडेला, माझ्या हातचा, खालची रेघ जरा लांबलेला तो '२' स्पष्ट दिसतो. ते छायाचित्र छापून मी ठाण्यात नेऊन दिले. ठाणे अंमलदारांनी ते उलटे धरून पाहिले आणि पिवळा रंग कोणीही लावू शकतो, असे म्हणून माझ्याच फायलीत ठेवून दिले.